मॉन्स्टरचा सीआर नव्हे, लढाईचे राउंड मोजा

पाच खेळाडू, सगळे लेव्हल ४ वर. फायटर, रोग (इंग्रजी Rogue, म्हणजे चोरटा), रेंजर, विझार्ड आणि बार्ड. क्लेरिक (दैवी शक्तीचा पुजारी) नाही, जादूचे शस्त्र एकाकडेही नाही. खेळ डन्जन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी), टेबलाभोवती बसून फाशांनी खेळायचा भूमिकांचा खेळ; नियम फिफ्थ एडिशनचे, २०१४ च्या पुस्तकांतले. डीएम, म्हणजे खेळ चालवणारे तुम्ही, नवीन आणि वैतागलेले. पहिल्या सेशनपासून ज्या खलनायकाची हवा केली तो मांत्रिक (पुस्तकातला ‘मेज’; सीआर, म्हणजे मॉन्स्टर किती भारी ते सांगणारा ‘चॅलेंज रेटिंग’चा आकडा, ६) दुसरा राउंड, म्हणजे सगळ्यांची दुसरी पाळी, संपायच्या आत मेला. त्याआधी तळघरात सहज म्हणून टाकलेल्या तीन शॅडोंनी (सावलीसारखी भुते) मात्र विझार्डला ठार केले आणि बार्डला लोळवले. लढाई किती अवघड ते सांगणारा ऑनलाइन कॅल्क्युलेटर मेजच्या लढाईला ‘हार्ड’ म्हणत होता, शॅडोंच्या लढाईला ‘ईझी’च्याही खाली. आता पुढच्या शनिवारी पुलाखालचा ट्रोल आहे. त्याचे एचपी (हिट पॉइंट, म्हणजे किती मार सोसेल तो आकडा) दुप्पट करू का, की लढाई चालू असताना गुपचूप वाढवत नेऊ, असा तुमचा प्रश्न.

दोन्ही नको. का नको ते सांगायला जरा आकडेमोड करावी लागेल, पण ती एकदा केली की पुन्हा कॅल्क्युलेटर उघडायची फारशी गरज पडत नाही.

तुमची अडचण ‘मॉन्स्टर किती भारी हवा’ ही नाहीच. कॅल्क्युलेटर ज्या प्रश्नाचे उत्तर देतो तो प्रश्न वेगळा आणि तुम्हाला पडलेला वेगळा. सीआर ही कल्पना २००० सालच्या थर्ड एडिशनमध्ये आली. फिफ्थ एडिशनमध्ये तिचा अर्थ असा: नीट विश्रांती घेतलेली, साधनसामग्री असलेली चार जणांची पार्टी आपल्या लेव्हलइतक्या सीआरच्या एका मॉन्स्टरला कुणी न मरता हरवू शकेल. म्हणजे हा जीव वाचण्याचा अंदाज आहे, तोही सरासरीचा. लढाई रंगेल का, खेळाडूंना विचार करावा लागेल का, खलनायकाला दोन वाक्ये बोलायला तरी मिळतील का, यातले काहीच तो आकडा सांगत नाही.

आधी मेज बघू. सीआर ६ म्हणजे २३०० एक्सपी (मॉन्स्टर हरवल्याचे अनुभव-गुण). लेव्हल ४ च्या पाच जणांसाठी ‘हार्ड’ १८७५ पासून सुरू होते आणि ‘डेडली’ २५०० पासून. म्हणजे कॅल्क्युलेटरने हिशोब बरोबरच केला. पण त्या मेजचे एचपी फक्त ४० आहेत. मॉन्स्टरचा अंतिम सीआर काढताना त्याचा बचाव आणि त्याचा मारा यांची सरासरी घेतात. मेजचा मारा जबरदस्त आहे, बचाव जेमतेम. सरासरी काढली की दोन्ही टोके झाकली जातात.

तुमच्या पार्टीचा मारा किती? लेव्हल ४ चे पात्र हातात सगळी साधने असताना, हुकणारे वार धरूनही, टर्नमागे आठ-नऊ डॅमेज करते. रोगचा स्नीक ॲटॅक लागला तर जास्त, बार्डचे थोडे कमी. पाच जणांचे मिळून राउंडला ४० ते ४५. मेजचे एचपी ४०. तो पहिल्या राउंडमध्ये मेला नाही हेच विशेष. त्याने शील्ड हा स्पेल टाकून एसी (वार लागायला फाशाने गाठायचा आकडा) वर नेला असणार.

आता हीच लढाई उलटी करून बघा. मेज इनिशिएटिव्ह (कुणाची पाळी आधी ते ठरवणारा फासा) जिंकला आणि पार्टी दारातून घोळक्याने आत शिरली. त्याचा कोन ऑफ कोल्ड हा स्पेल म्हणजे ८डी८ (आठ बाजूंचे आठ फासे), सरासरी ३६. तुमच्या फायटरचे एचपी साधारण ३६ असतील, विझार्डचे २२. सेव्ह (बचावाचा फासा) चुकलेला प्रत्येक जण आडवा. पुढच्या टर्नला फायरबॉल. त्या शनिवारी पार्टी संपली असती आणि तुम्ही ‘मेज फार भारी पडला’ अशी तक्रार घेऊन आला असता. लढाई एकच, मॉन्स्टर एकच, आणि निकाल इनिशिएटिव्हच्या एका फाशावर. याला अवघड लढाई म्हणत नाहीत. हा छापा-काटा झाला, आणि त्यात खेळाडूंच्या डोक्याला काही कामच नाही.

शॅडोंचे गणित याच्या बरोबर उलट. सीआर १/२, प्रत्येकी १०० एक्सपी, तिघांचे ३००. तीन ते सहा मॉन्स्टर असले की २०१४ च्या नियमांत एक्सपीला दोनाने गुणतात, म्हणजे ६००. तुमच्या पार्टीचे ‘ईझी’ ६२५ ला सुरू होते. कागदावर किरकोळ काम. पण शॅडोचा वार लागला की सरासरी ९ डॅमेज तर होतेच, वर स्ट्रेंग्थही १डी४ ने घटते. स्ट्रेंग्थ शून्यावर गेली की माणूस थेट मेला. डेथ सेव्ह (आडव्या पडलेल्याला जगायची संधी देणारे फासे) नाहीत, कुणी धावत येऊन हीलिंग पोशन पाजायची सोय नाही. तुमच्या विझार्डची स्ट्रेंग्थ ८ असेल, बहुतेक विझार्डांची तेवढीच असते. तीन-चार वारांत खेळ खलास. तीन शॅडो एकाच माणसावर तुटून पडले तर राउंडला दोन वार सहज लागतात. मोजा.

दुसऱ्या बाजूने, शॅडोचे एचपी १६ असले तरी साध्या शस्त्राचा मारा त्याला निम्माच लागतो. आग, थंडी, वीज यांचाही निम्माच. म्हणजे फायटरच्या तलवारीसाठी आणि विझार्डच्या फायर बोल्टसाठी ते ३२ एचपी झाले. मॅजिक मिसाइल पूर्ण लागते, पण त्या वेळी ते कुणाला आठवत नाही. फायटरला दोन वार लागले की त्याची स्ट्रेंग्थ १८ वरून १३ च्या आसपास येते, आणि नेम व डॅमेज दोन्हीतून तीन-तीन वजा होतात. लढाई जितकी लांबेल तितकी पार्टी कमजोर होत जाते. क्लेरिक असता तर भुतांना पळवणाऱ्या त्याच्या ‘टर्न अनडेड’ने निम्मा प्रश्न मिटला असता. रेडियंट (दिव्य तेजाचे) डॅमेज करणारे कुणी असते तर ते शॅडोला दुप्पट लागले असते. तुमच्याकडे दोन्ही नाही. शॅडोचा सीआर चुकलेला नाही. त्याने गृहीत धरलेली पार्टी तुमची नव्हती, एवढेच.

म्हणून मी लढाई जुळवताना आधी राउंड मोजतो. दोन बाजूंना दोन आकडे लागतात. पहिला: मॉन्स्टरांच्या बाजूचे सगळे एचपी भागिले पार्टीचा राउंडमागचा मारा. दुसरा: पार्टीचे सगळे एचपी भागिले मॉन्स्टरांचा राउंडमागचा मारा. पहिला आकडा दोनच्या खाली असेल तर लढाई सुरू व्हायच्या आत संपते. पाचच्या वर गेला तर चौथ्या राउंडपासून लोक फोन चाळायला लागतात. साध्या लढाईला दोन-अडीच, महत्त्वाच्या लढाईला तीन ते चार राउंड मला बरे वाटतात. दुसरा आकडा पहिल्याच्या साधारण दुप्पट असावा: तीन राउंडांत पार्टीचे निम्मे एचपी गेले पाहिजेत. निम्मे गेले म्हणजे एखादा आडवा पडलेला असतो, एखादा ४ एचपीवर लटकलेला असतो आणि टेबलावर आवाज चढलेला असतो. तुमच्या पार्टीचे एकूण एचपी दीडशेच्या आसपास धरू. म्हणजे मॉन्स्टरांच्या बाजूला १२० ते १५० एचपी आणि राउंडला २५ च्या आसपास डॅमेज.

तिसरा एक आकडा मी वेगळा बघतो: मॉन्स्टरचा एकच वार जास्तीत जास्त किती, आणि पार्टीतल्या सगळ्यात नाजूक पात्राचे एचपी किती. लेव्हल १ आणि २ ला बाकी सगळे सोडून हाच बघावा. ओगरच्या सोट्याचा वार २डी८+४. सरासरी १३, पण दोन आठ पडले तर २०. लेव्हल १ च्या विझार्डचे एचपी ७ असतील तर २० च्या वाराने तो शून्यावर येऊन वर १३ उरतात, आणि उरलेले डॅमेज कमाल एचपीइतके किंवा जास्त असेल तर नियमाने तो जागीच मेला. दोन तास बसून पात्र तयार केलेल्या माणसाला पहिल्या सेशनला हे सांगायची वेळ येऊ नये.

टर्नचा मुद्दाही याच हिशोबात येतो. एकटा बॉस पाच जणांसमोर उभा केला की राउंडमध्ये त्याला एक टर्न आणि समोरच्यांना पाच. त्याचे एचपी वाढवले तरी हे प्रमाण बदलत नाही. तो फक्त जास्त वेळ मार खात उभा राहतो. म्हणून मोठ्या ड्रॅगनांना लेजंडरी ॲक्शन दिल्या आहेत: दुसऱ्यांच्या टर्नच्या शेवटी त्यांना हालचाल करता यावी. आणि लेजंडरी रेझिस्टन्स दिवसातून तीनदा, कारण नाहीतर एका फसलेल्या सेव्हवर ड्रॅगन गारठून उभा आणि बाकीचे त्याला कुटत बसलेले, असे होते. तुमच्या मेजला यातले काहीच नव्हते.

तोच मेज मला पुन्हा मांडायचा असता तर मी असा मांडला असता. कोन ऑफ कोल्ड काढून टाकायचा, फायरबॉल एकदाच. एचपी ६०. यात फसवणूक काही नाही, कारण पुस्तकात त्याचे एचपी ९डी८ आहेत, म्हणजे ९ ते ७२ मधले काहीही चालते. ४० ही नुसती सरासरी. सोबत दोन ठग, प्रत्येकी ३२ एचपी. एकूण झाले १२४, म्हणजे तीन राउंडांचे काम. ठग जोडीने एकाला घेरतात तेव्हा त्यांना ॲडव्हान्टेज (दोन फासे टाकून मोठा धरायचा) मिळते, त्यामुळे दोघांचा मिळून मारा राउंडला पंधराच्या आसपास जातो. मेजच्या फायर बोल्टचा वेगळा. हा हिशोब जुन्या कॅल्क्युलेटरमध्ये टाकलात तर तो डेडलीच्या दुप्पट सांगून तुम्हाला घाबरवेल, कारण तो ठगांना मेजच्या बरोबरीचे मॉन्स्टर धरून सगळ्यांना गुणतो आणि काढून टाकलेला कोन ऑफ कोल्ड त्याला दिसत नाही. २०२४ च्या नव्या नियमांनी तो गुणाकारच काढून टाकला, बरे केले.

आणि मेज दारासमोर उभा नको. वरच्या सज्जावर, खांबाआड. त्याच्याकडे मिस्टी स्टेप आहे, फ्लाय आहे, ग्रेटर इनव्हिजिबिलिटी आहे. अशा माणसाने फायटरच्या तलवारीच्या टप्प्यात यायचे कारण काय? सज्जावर चढायला फायटरचा एक टर्न गेला, तर तुम्ही एकही आकडा न बदलता राउंडमागचे आठ डॅमेज कमी केलेत. जागा, अंतर आणि आडोसा यांचा सीआरमध्ये हिशोब नाही. कोबोल्डचे एचपी ५, सीआर १/८. १९८७ साली ‘ड्रॅगन’ मासिकाच्या संपादकीयात रॉजर मूरने टकर नावाच्या डीएमच्या कोबोल्डांबद्दल लिहिले. अरुंद बोगदे, आग, भिंतीतल्या फटींतून मारा, आणि मोठ्या लेव्हलची पार्टी जीव मुठीत धरून पळते आहे. तेव्हापासून हुशारीने खेळवलेल्या क्षुद्र मॉन्स्टरांना जगभरचे डीएम ‘टकर्स कोबोल्ड्स’च म्हणतात. मी मात्र एक पथ्य पाळतो: मॉन्स्टर जितका हुशार असेल तितकाच हुशार खेळवायचा. लांडगे घेरतात, झोंबी सरळ चालत येतो, हॉबगॉब्लिन रांग धरतात. सगळेच मॉन्स्टर डीएमच्या डोक्याने लढायला लागले की खेळाडूंच्या लगेच लक्षात येते आणि त्यांना ते आवडत नाही. रास्तच आहे.

आता एक गोष्ट जी कोणत्याच आकड्यात दिसत नाही आणि आपल्याकडच्या बहुतेक टेबलांना लागू पडते. २०१४ च्या पुस्तकाने पार्टीच्या एका दिवसात सहा ते आठ मध्यम किंवा हार्ड लढाया गृहीत धरल्या होत्या. लेव्हल ४ ला माणशी १७०० एक्सपीचा दिवस, पाच जणांचा ८५००. तुमचा मेज २३०० चा, म्हणजे दिवसाच्या साधारण पाव हिश्श्याचा. पण आपण खेळतो कसे? शनिवारी संध्याकाळी जमायचे, अर्धा तास गप्पा, तीन तास खेळ, त्यात एक लढाई, मग कथेत दोन दिवस प्रवास आणि लाँग रेस्ट (सगळी ताकद परत देणारी रात्रभराची विश्रांती). अशा पार्टीकडे प्रत्येक लढाईला सगळे स्पेल स्लॉट (स्पेल टाकायचा मोजका साठा), सगळ्या सर्ज (फायटरची जादा ॲक्शन) शिल्लक असतात. पाच षटकांच्या सामन्यात दहाही गडी हातात असले की संघ पहिल्या चेंडूपासून आडवेतिडवे फटके मारतो, तसे हे. तुमचे खेळाडू चुकीचे खेळत नाहीत, दिवसात एकच लढाई असेल तर असेच खेळायला हवे.

यावर दोन उपाय मी वापरतो. एक, त्या एका लढाईचेच दोन-तीन तुकडे करायचे. अंगणात पहारेकरी, आरडाओरडा झाला की तिसऱ्या राउंडला आतून दुसरी तुकडी, मग सज्जावरचा मेज. मध्ये श्वास घ्यायला दोन मिनिटे, शॉर्ट रेस्टचा तास नाही. दुसरी तुकडी हा माझा सगळ्यात आवडता नळ आहे: पार्टी जोरात असेल तर दुसऱ्या राउंडला सोडायचा, धापा टाकत असेल तर पाचव्याला, नाहीतर सोडायचाच नाही. दुसरा उपाय वेळेचा. ‘पौर्णिमेच्या आत’, ‘कैद्यांना पहाटे हलवणार आहेत’ असे काही असले की लाँग रेस्ट फुकट राहत नाही. मग विझार्ड पहिल्या लढाईत स्लॉट मोजायला लागतो, आणि तिथून खेळ बदलतो.

शेजारच्या टेबलावर यातले कितपत लागू पडेल हे परिस्थितीवर आहे. तुम्ही पाथफाइंडर या अशाच दुसऱ्या खेळाची २०१९ ची सेकंड एडिशन खेळत असता तर मी सरळ सांगितले असते की पुस्तकातले बजेट पाळा: चार जणांना मध्यम लढाई ८० एक्सपी, तगडी १२०, जीवघेणी १६०. तिथे सगळे आकडे लेव्हलबरोबर चढतात, त्यामुळे अंदाज बराच खरा ठरतो. जुन्या पद्धतीचे खेळ चालवणाऱ्यांना तर हा सगळा खटाटोप विनोदी वाटेल. तिथे समतोल राखणे डीएमचे काम नाही, केव्हा पळायचे ते ओळखणे खेळाडूंचे काम. फिफ्थ एडिशनमध्येही लेव्हल १-२ आणि १०-११ च्या पुढे सगळेच अंदाज डळमळतात: खाली एका क्रिटने (दुप्पट फाशांच्या वाराने) माणूस जातो, वर एका स्पेलने लढाई. खेळाडूंवरही आहेच. काही जण प्रत्येक टर्नला नकाशावर वाकून अंतरे मोजतात, काहींना ओगरशी मैत्री करायची असते. तुमच्या रोगला मध्ये कुठे +१ चा जादूचा खंजीर मिळाला तर शॅडोंचे वरचे गणितही बदलेल. म्हणून माझे ४०-४५ तसेच उचलू नका. पुढच्या दोन लढायांत राउंडमागे खरोखर किती डॅमेज झाले ते वहीत लिहून ठेवा, तो तुमचा आकडा.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो, गुपचूप एचपी वाढवण्याच्या. यावर डीएमांमध्ये कायम दोन तट असतात आणि मी एका तटात ठामपणे बसलो आहे: फासे टेबलावर उघडे टाकायचे, आणि इनिशिएटिव्ह टाकल्यानंतर मॉन्स्टरच्या आकड्यांना हात लावायचा नाही. नैतिकतेचा प्रश्न नाही. कारण व्यवहारी आहे. रोगने लपत-छपत मागून जाऊन ३१ डॅमेज केले आणि तुम्ही मनातल्या मनात मेजला ३० एचपी वाढवून दिले, तर त्या टर्नची किंमत शून्य झाली. एकदा खेळाडूंना वास आला की बॉस तिसऱ्या राउंडलाच मरतो, आधी काही केले तरी, की ते हुशारी करणे थांबवतात. नुसते फासे टाकत बसतात. एचपी वाढवायचे तर लढाईच्या आधी वाढवा, पुस्तकाने दिलेल्या मर्यादेत.

लढाई सुरू झाल्यावर बदलायला आकड्यांपलीकडे पुष्कळ काही असते. दुसरी तुकडी सांगितली. मॉन्स्टर कुणावर वार करतो ते तुमच्या हातात आहे. तो पळतो की नाही तेही. १९८१ च्या बेसिक नियमांत प्रत्येक मॉन्स्टरला धैर्याचा आकडा असायचा. त्यांचा पहिला साथीदार पडला की आणि निम्मे पडले की दोन फासे टाकायचे, आकड्याच्या वर गेले की ते पळाले किंवा शरण आले. मी तेच फिफ्थ एडिशनच्या टेबलावर करतो. चार गॉब्लिनांपैकी दोन पडल्यावर उरलेले दोन जीव का देतील? निकाल ठरलेली लढाई शेवटच्या एचपीपर्यंत ओढत न्यायची नाही, ही टेबलावर वेळ वाचवण्याची माझी सगळ्यात उपयोगी सवय आहे.

हरण्याचा अर्थ काय, हेही आधी ठरवून ठेवा. इथे नव्या डीएमांची सगळ्यात जास्त कोंडी होते, कारण त्यांच्या डोक्यात हरणे म्हणजे टीपीके, सगळी पार्टी ठार. २०१४ च्या स्टार्टर सेटमधली पहिलीच लढाई घ्या: रस्त्यावर दबा धरून बसलेले चार गॉब्लिन, समोर लेव्हल १ ची पार्टी. चार खेळाडू असतील तर कागदावर ही लढाई बरोबर ‘डेडली’च्या रेषेवर येते, ४०० ला ४००. पण तिथेच लिहिले आहे की गॉब्लिन जिंकले तर ते पार्टीला बेशुद्ध सोडतात, गाडी लुटतात आणि आपल्या अड्ड्याकडे निघून जातात. म्हणजे हरलात तरी गोष्ट पुढे जाते, उलट गॉब्लिनांवरचा राग वाढतो. एवढी एक ओळ असली की तुम्ही निर्धास्तपणे भारी लढाई मांडू शकता. डाकू खंडणी मागतात, ड्रॅगन निरोप्या म्हणून एकाला जिवंत सोडतो, पंथवाल्यांना बळी द्यायला जिवंतच माणूस लागतो. शॅडोंसारख्यांना मात्र फक्त जीवच हवा असतो. म्हणून ते जपून वापरायचे.

शॅडोंच्या बाबतीत आणखी एक. पार्टी पळाली का नाही, असे तुमच्या मनात आलेच असेल. शॅडोचा वेग ४० फूट, माणसाचा ३०. त्यात मागे फिरले की ऑपॉर्च्युनिटी ॲटॅक, म्हणजे समोरच्याला फुकटचा एक वार. फिफ्थ एडिशनचे नियम पळणाऱ्याला साथ देत नाहीत, म्हणून खेळाडू पळत नाहीत, आणि मग आपण म्हणतो यांना कळत कसे नाही. मी माझ्या टेबलावर सरळ सांगितले आहे: सगळ्यांनी मिळून ‘माघार’ म्हटले की इनिशिएटिव्ह थांबते, पाठलाग वेगळा खेळायचा, त्याची काहीतरी किंमत मोजावी लागते पण वाट असते. तळघरात ती वाट तुमच्या हातातच होती. उन्हात शॅडोला सगळ्याला डिसॲडव्हान्टेज (दोन फाशांतला लहान धरायचा). वरचे झडपेचे दार उघडून दुपारचे ऊन आत आले असते तर? आणि जिन्यावरच अंगावर एक ओरखडा नसलेले, तरी सुकून गेलेले हमालाचे प्रेत दिसले असते, तर विझार्ड पुढे चाललाच नसता. धोका जितका विचित्र, तितकी त्याची खूण आधी आणि ठळक दाखवायची. ओगर आधी दाखवला नाही तरी चालतो, तो दिसतो तसाच असतो.

जाता जाता, खेळाडूचा टर्न हिरावून घेणाऱ्या गोष्टींबद्दल. घूलचा पंजा लागला की पॅरलिसिस, होल्ड पर्सन, स्टन. आकड्यांत हे फारसे दिसत नाही, पण पाच जणांच्या टेबलावर एक टर्न हुकला म्हणजे तो माणूस पंधरा-वीस मिनिटे नुसता बसून आहे. असे मॉन्स्टर मी वापरतो, पण एका लढाईत एकच, आणि शेजारच्याने काही करून त्याला सोडवता येईल अशी सोय ठेवून.

आता ट्रोल. सीआर ५, १८०० एक्सपी, तुमच्या पार्टीला ‘मीडियम’ आणि ‘हार्ड’च्या सीमेवर. एचपी ८४, म्हणजे तुमच्या हिशोबाने दोन राउंड. तीन वार, तिन्ही लागले तर २९: एक माणूस जवळपास आडवा. पण +७ ने १६ च्या एसीवर मारताना सरासरी १७ च्या आसपासच निघते. म्हणजे दोन राउंडांत तो पार्टीचे ३५ एचपी काढणार आणि मरणार. दीडशेतले ३५. तुमची लढाई मेजसारखीच फुसकी निघेल, हा तुमचा अंदाज बरोबर आहे.

एचपी दुप्पट केले तर चार राउंड चालेल. पुलाखाली उभा राहून मार खाणारा ट्रोल, त्याला गोल करून उभे पाच जण, आणि रिजनरेशन (जखमा आपोआप भरणे) दर राउंडला एका फायर बोल्टने बंद. कंटाळाल.

ट्रोलची खरी ताकद त्याच्या तीन वारांत नाही. त्याला दर टर्नला १० एचपी परत मिळतात, म्हणजे वेळ त्याच्या बाजूने आहे. तो वेळ त्याला द्या. खाली नदी ठेवा, खोल आणि गढूळ. ट्रोल पुलाच्या कठड्यावरून वर येतो, एकाला धरतो आणि त्याला घेऊन पाण्यात जातो. मार बसला की बुडी मारतो. कॉन्स्टिट्यूशन २० असलेला प्राणी नियमाने सहा मिनिटे श्वास रोखू शकतो, म्हणजे त्याला घाई नाही. तीन राउंड खाली बसला की ३० एचपी परत घेऊन दुसऱ्या बाजूने वर. त्या तीन राउंडांत पार्टीला करायला काहीतरी हवे: पुलावर बैल बुजलेली गाडी, आत माणसे, आणि तुटत आलेली फळी. ट्रोलला गाडीतले बैल हवे आहेत, तुमचे खेळाडू नकोत. बैल मिळाले तर तो निघून जाईल, म्हणजे हरण्याचा अर्थही ठरला. दोन गॉब्लिन वगैरे जोडू नका, गरज नाही.

विझार्डकडे फायर बोल्ट आहे हे गृहीत धरतो. पूर्ण पाण्याखाली असलेल्याला आगीचे डॅमेज निम्मे लागते, पण रिजनरेशन थांबवायला आगीचे कितीही डॅमेज पुरते. तेव्हा गढूळ पाण्यातल्या ट्रोलवर नेम धरता येतो का, येत असेल तर डिसॲडव्हान्टेजने का, एवढे मात्र शनिवारच्या आधी ठरवून वहीत लिहून ठेवा. दुसऱ्या राउंडला तो प्रश्न येणारच.